येळवशीला पाहुणे आणायचे तर

आधी पंचांग बघ, मग गाडीचं ठरव. येळवस हा रानात जेवायचा सण मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आणि अमावस्या काही शनिवार-रविवार बघून येत नाही. २०२४ साली ती ३० डिसेंबरला होती, २०२५ साली १९ डिसेंबरला. आपले धाराशिवचे जिल्हाधिकारी त्या दिवसाची स्थानिक सुट्टी जाहीर करतात, लातूरचेही करतात, पण पुण्याच्या कंपनीला त्याचं काय! तुझ्या मित्रांना रजा टाकावी लागेल. ती आत्ताच टाकायला सांग.

पाहुण्यांना आदल्या रात्रीच मुक्कामाला आण. टेंभुर्णी-बार्शी करून या नाहीतर सोलापूर-तुळजापूर करून या, पाच-सहा तास जातातच. "सकाळी निघू आणि दुपारी जेवायला पोचू" हा हिशोब या दिवशी चालत नाही. उशीर झाला तर वाटेत पोटाला काही मिळायचं नाही. येळवशीला धाराशिवच्या बाजारात चिटपाखरू दिसत नाही. दुकानांना कुलपं, एसटी रिकाम्या, आणि हॉटेलवाला स्वतःच कुणाच्या तरी रानात. ज्याला गुंठाभर जमीन नाही तोही त्या दिवशी कुणाच्या तरी बांधावर जेवतो. आणि कुणाच्या आईनं "अमावस्येला प्रवास नको" म्हणून अडवलं, तर तिला मला फोन लावून दे. बाकीच्या अमावस्यांचं ती बघून घेईल, या एका अमावस्येचं मी बघते.

तू मागं सांगत होतास, मोठ्या शहरांत लोक वेगळं जेवण म्हणून काय काय करतात. मग मीही वाचलं. झुरिकमध्ये १९९९ साली अंध मंडळींनी 'ब्लिंडेकू' नावाचं हॉटेल काढलं, तिथं मिट्ट काळोखात जेवायचं. पुढं पॅरिसलाही तसं निघालं. बेल्जियममध्ये कुणी क्रेननं अख्खं टेबल उचललं आणि पाहुण्यांना पन्नास मीटर उंचीवर जेवू घातलं. काळोखाचं मला पटलं. तिथं वाढणाऱ्याला दिसत नाही आणि डोळस गिऱ्हाईक त्याच्या खांद्याला धरून खुर्चीपर्यंत जातं, त्यात काही तरी आहे. (लोडशेडिंगमध्ये आपण इतकी वर्षं काळोखात जेवलो, कुणी बिल लावलं नाही, ते सोड.) क्रेनचं मात्र नाही पटलं. अन्न तेच हॉटेलातलं, फक्त खुर्ची उंच.

आपल्याकडं खुर्चीच नाही. ताटात जे पडतं त्यातलं बरंचसं चार पावलांवर मुळासकट उभं असतं, आणि ते तिथंच, त्या दुपारीच खायचं असतं. म्हणून पाहुणे दमलेत, ऊन लागतंय, कुणाचे गुडघे दुखतात, असली कारणं काढून डबे घरी आणू नकोस. घरात पंख्याखाली खाल्लेली भज्जी ही नुसती डाळ-भाजी लागते. गुडघे दुखणाऱ्याला मोटारसायकलवर मागं बसवून बांधापर्यंत ने.

आता पाहुण्यांना काय सांगून ठेवायचं ते. बूट बंद घाला म्हणावं. बांधावर बोरी-बाभळी आहेत, चपलेतून काटा आरपार जातो. पहाटे थंडी असते आणि दुपारी अकरानंतर ऊन चटका देतं, तेव्हा अंगावर असं काही हवं जे काढून कमरेला बांधता येईल. पांढरी पँट नको. आदल्या आठवड्यात अवकाळी येऊन गेला असेल तर आपली काळी माती बुटाला धरते आणि पाऊल किलोभर जड होतं. हे वर्णन फोनवर ऐकून हसतील, रानात हसणार नाहीत.

संडासाचं लाजून सांगायचं राहतं, आणि मग पाहुण्या पोरींचे हाल होतात. त्या बिचाऱ्या पाणी पिणंच बंद करतात. वाटेवरच्या वस्तीवर संडास आहे, तिथल्या काकूंना आदल्या दिवशी जाऊन तू स्वतः सांगून ये आणि पोरींना सकाळीच ती जागा दाखव. दाखवताना तू नको, चुलत बहिणीला पाठव. पिण्याच्या पाण्याचे दोन जार भरून ने. आपल्याला बोअरचं पाणी अंगवळणी पडलंय, शहरातल्या पोटाला ते जड जातं. मग दोष माझ्या भज्जीवर येतो.

सकाळी त्यांना पोटभर नाश्ता देऊ नकोस. चहा आणि एखादं धपाटं, बस. पोहे, इडल्या, असलं काही मागवलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. त्यापेक्षा पहाटे चारला ज्याला जाग येईल त्याला चुलीपाशी आणून बसव. येळवशीचं अर्धं जेवण तिथंच आहे, आणि बघायला फुकट आहे.

भज्जी म्हटलं की पुण्याची माणसं तळलेली कांदाभजी समजतात. त्यांचा गैरसमज रात्रीच दूर कर. तुरीच्या ओल्या शेंगा सोललेल्या, हरभऱ्याचे कोवळे घाटे, वाटाणा, पावटा, ओले शेंगदाणे, हे आधी शिजायला जातं. त्यावर पालेभाज्या: मेथी, चाकवत, पालक, हरभऱ्याचा कोवळा पाला, कांद्याची पात. गाजराचे तुकडे, वांगं, दोन-चार बोरं, आंबटाला चिंच. हिरवी मिरची, लसूण आणि जिरं पाट्यावर वाटायचं. मिक्सरमध्ये वाटलं तर पाणी सुटतं आणि तिखट नुसतं वरवर राहतं. मग ताकात कालवलेलं बेसन हळूहळू सोडायचं आणि पळी एकाच अंगानं फिरवत राहायचं. इथं घाई केली की गुठळी झालीच. भज्जी दाट हवी, इतकी की पळी उभी धरली तर लगेच पडू नये. पाहुण्यांतला कुणी मदतीला आला तर त्याला तुरीच्या शेंगा सोलायला दे. पहिल्या दहा मिनिटांत त्याची नखं हिरवी होतील आणि तो आपल्यातला होईल. पळी मात्र त्याच्या हातात देऊ नकोस.

आंबील त्याच्याही आधी लागते. ताक दोन दिवस आंबवून ठेवलेलं असतं. ज्वारीचं पीठ पाण्यात शिजवून निववायचं, मग त्यात ते ताक, वाटलेलं आलं-लसूण, जिरं, मीठ. रात्रभर मुरली की सकाळी तिचा वास उघड्या दारातून ओसरीपर्यंत येतो. भांड्याचं मी आत्ताच सांगून ठेवते, कारण हौसेपायी पोरं माळ्यावरची पितळी भांडी काढतात. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट ठेवायचं नाही. आंबील कळकते आणि पोटात मळमळतं. मातीचं मडकं सगळ्यांत उत्तम, नाहीतर सरळ स्टील. मडक्याला बाहेरून चुना आणि काव लावून सजवायचं, तोंडाला कापड बांधायचं. फोटोत तेच छान दिसतं.

बाजरी घरची असायची, आता विकत आणावी लागते. आपल्या भागात सगळं सोयाबीन झालं, पैसा त्यात दिसला, बाजरीला कोण विचारतो? पण उंडे बाजरीचेच. पीठ गरम पाण्यात मळून मुठीएवढे गोळे करायचे आणि वाफेवर शिजवायचे. तीळ लावलेली भाकरी वेगळी. शिवाय गव्हाची खीर गूळ घालून, ताकातला आंबट भात, शेंगदाण्याची चटणी. सामिष त्या दिवशी काही नाही. पाहुण्यांपैकी कुणी मटणाच्या ओढीनं येत असेल तर त्याला आधीच सांग. उस्मानाबादी शेळी ही नावाजलेली जात आपल्याच जिल्ह्याच्या जुन्या नावाची आहे, आणि तिचं कोरड्यास भाकरीबरोबर काय लागतं ते मला सांगायला नको. त्यासाठी दुसऱ्या दिवशी थांब म्हणावं. येळवशीच्या रानात तो विषय काढायचा नाही.

रानात पोचलात की लगेच सतरंजी पसरून बसू नका. आधी पूजा. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केलेली असते, तिच्यावर शाल पांघरलेली, आत चुना लावलेले पाच दगड. ते पाच पांडव. तिथं नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही, लहान पोरंही थांबतात. मग एकजण आंबिलीचं भांडं घेऊन उभ्या पिकातून फिरतो आणि डहाळीनं शिंपत जातो, मागं बाकीचे आरोळी देतात. ती आरोळी कानडी आहे. पाहुणे हमखास विचारतात, मराठी मुलखात कानडी कशी? त्यांना सांग की बिदर-कलबुर्गीकडंही हीच अमावस्या अशीच रानात करतात. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत आपण आणि ते निजामाच्या एकाच राज्यात होतो, आणि नंतरही १९५६ला राज्यांच्या हद्दी आखेपर्यंत एकत्रच होतो. हद्द आखणाऱ्यानं शिवारातली कोप थोडीच मोजली.

शिंपायला पाहुण्यांना बोलाव. नुसतं बघायला उभं करशील तर ते मोबाइल काढतील. हातात डहाळी दिलीस की मोबाइल आपोआप खिशात जातो. फोटोला हरकत नाही, पण कोपीपाशी बसलेल्या बायकांचा काढायचा असेल तर त्यांना विचारून, आणि वाढत असताना, खात असताना तर नकोच.

बसायचं मांडी घालून, पळसाच्या पत्रावळीवर. वारा असेल तर पत्रावळीच्या एका कडेवर ढेकूळ ठेव. ज्याला मांडी जमत नाही त्याला कडब्याच्या पेंढीवर बसव आणि त्यावरून कुणी थट्टा करू नका. चमचे नेऊ नकोस. भाकरी एका हातानं कशी मोडायची हे दाखवायला दोन मिनिटं लागतात. भज्जीत उंडा कुस्करून त्यावर कच्चं करडईचं तेल घ्यायचं, हे कुणाला आपणहून सुचत नाही, ते तू आधी करून दाखव. तेल घाण्याचं असेल तरच. नाहीतर राहू दे.

आंबिलीबाबत सावध राहा. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, दुसऱ्याला जिभेला गोडी लागते, आणि मग शहरातला माणूस तांब्या तोंडाला लावतो. अर्धा पेला, बस. ज्याचं पोट नाजूक त्याला दोन घोट. वर बोरं, उसाचं कांडं आणि हरभऱ्याचे ढाळे खाऊन तो आणखी पेलाभर मागेल; हसून नाही म्हण. आंबील चढते असं आपल्याकडं थट्टेनं म्हणतात. चढते का नाही हे देवाला ठाऊक, पण दुपारी बांधावरच्या लिंबाखाली अख्खा गाव आडवा झालेला असतो हे खरं. गाडी चालवणाऱ्यानं त्या दिवशी परतीचा विचारच करायचा नाही.

आणि आपल्या रानात पोट भरू देऊ नकोस! हे पाहुण्यांना कुणी सांगत नाही आणि मग पंचाईत होते. जेवण झालं की शेजारच्या रानातून हाक येते, "आमच्या कोपीला या." नाही म्हणता येत नाही. तिथं पुन्हा पत्रावळ, पुन्हा भज्जी. तिची चव वेगळी असते. कुणी चिंच जास्त घालतं, कुणी वांगं घालतच नाही, एखादी म्हातारी आंब्याची कैरी सुकवून ठेवलेली घालते. दोन-तीन रानं फिरल्याशिवाय येळवस झाली असं नाही. तेव्हा आपल्याकडं एक भाकरी, त्यांच्याकडं अर्धी, पुढं नुसती चव. वाढणारी आग्रह करील. नको म्हणून ती ऐकत नाही, पत्रावळीवर हात आडवा धरावा लागतो. हात धरला तरी पळीभर पडतेच, तेवढं खावं.

टाकायचं मात्र काही नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी वीस-बावीस वर्षांची होते. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला लाल मिलो यायची, अमेरिकेतली ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची. त्या सालीही येळवस झाली, मिलोचेच उंडे केले. पाहुण्यांना ही गोष्ट ताटावर सांगू नकोस, घास अडकतो. आधीच वाढताना थोडं वाढ म्हणजे सांगायची वेळ येत नाही.

पंगतीचं तुझ्या कानात सांगते. आपल्या रानात ज्यानं वर्षभर राबून पीक उभं केलं तो सालगडी आणि त्याची बायको-पोरं आपल्याच ओळीत बसतील, मधोमध. माझ्या लहानपणी तसं नव्हतं. त्याची ओळ वेगळी, उशिराची, कोपीच्या मागं. ते गेलं ते बरं झालं, पण पूर्ण गेलं असं समजू नकोस. शेजारच्या एखाद्या रानात अजून कोण कुठं बसलंय याकडं डोळे उघडे ठेव. पाहुण्यांना घेऊन तिथं गेलास तर आपला माणूसही बरोबर ने आणि शेजारी बसव. तो संकोचेल. तू उठून त्याच्या शेजारी बसलास की झालं.

दुसरं बायकांचं. पहाटे तीनपासून उभ्या असलेल्या बायका सगळ्यांत शेवटी, निवलेलं खातात. येळवशीचं एवढं कौतुक छापून येतं, त्यात हे कधी येत नाही. या वेळी पहिली पंगत पोरांची आणि बायकांची कर. तू आणि तुझे मित्र वाढायला उभे राहा. शहरातल्या पोराला वाढता येत नाही हे मला माहीत आहे. भज्जी पळीनं कुठं वाढायची, चटणी किती, खिरीवर तूप कधी, सगळं चुकेल. चुकू दे. बायका हसून लोटपोट होतील, पण गरम खातील. आणि एरवी ज्या मावशी पाहुण्यांसमोर तोंडातून शब्द काढत नाहीत, त्या तुमची वाढायची तऱ्हा बघून स्वतःहून बोलायला लागतील.

पैशाचं काय करायचं हा प्रश्न पाहुण्यांना पडतो, पडायलाच हवा. जेवणाचे पैसे द्यायचे नाहीत. कोपीतल्या दगडांपुढं नोटाही ठेवायच्या नाहीत, तो देवळातला रिवाज, इथला नाही. त्याऐवजी निघताना ज्याच्या रानात जेवलो त्याची तूर डाळ घ्या, ज्वारी घ्या, मूग घ्या, आणि तो सांगेल त्या भावानं घ्या. घासाघीस नको. पुण्यात पिशवीवर छापलेला भाव मुकाट देता, मग इथं कशाला? "शेती परवडते का हो?" हा प्रश्न जेवताना कुणी विचारला तर तू विषय बदल. वाईट भावनेनं विचारत नाहीत, पण सोयाबीनचा भाव ज्याला रात्रभर झोपू देत नाही त्याच्या एका सणाच्या दिवशी त्याला तो हिशोब मांडायला लावू नये.

हल्ली काही ठिकाणी पैसे घेऊन येळवस आणि हुरडा करतात. माणशी इतके, झोके, बैलगाडी, संध्याकाळी डीजे. माझी त्याला ना नाही. शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर डीजेही सोसू. फक्त पैसे देऊन गेलेल्यानं येळवस बघितली असं सांगू नये.

संध्याकाळपर्यंत थांबा. दिवस मावळताना काही रानांत मडक्यात दूध उतू घालतात, ते कोणत्या दिशेला सांडतं त्यावरून पुढच्या पावसाचा अंदाज बांधतात. हवामान खात्याचा मोबाइलवरचा अंदाज त्याच मंडळींच्या खिशात असतो, दोन्हींवर त्यांचा सारखाच विश्वास. मग हेंडगा. कडब्याची पेंढी पेटवून ती हातात धरून पोरं शेताभोवती पळतात आणि तशीच गावाकडं येतात. पाहुण्या पोरांना पळायची हौस येईल. सुती कपडे असतील त्यालाच पळू दे, नायलॉनचं जाकीट घातलेल्याला अजिबात नाही. आणि कडब्याच्या गंजीपासून, वाळलेल्या उसापासून लांबून. गंज पेटली तर जनावरांचा वर्षाचा चारा जातो.

ज्यांना अमावस्येला रजा मिळालीच नाही, त्यांना जानेवारीच्या मध्यापासून पुढं हुरड्याला बोलाव. त्याचं गणित वेगळं. ज्वारीचं कणीस चिकात असतं ते दिवस थोडे. आठवडाभर उशीर केला की दाणा टणक होतो आणि मग नुसती जबड्याची कसरत. तेव्हा तारीख पाहुण्यांनी ठरवायची नाही, कणसानं ठरवायची. मी फोन केला की तीन-चार दिवसांत या. ज्वारीही कुठलीही चालत नाही. गूळभेंडीसारखी गोड जात मुद्दाम चार ओळी लावलेली असते. गोवऱ्यांच्या आगटीत कणीस खुपसायचं, भाजलं की तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची आणि गरम गरम तोंडात. चोळणाऱ्याचे तळवे भाजतात, म्हणून चोळणारा दर अर्ध्या तासानं बदला. पाहुण्यांनाही ती पाळी द्या, नुसतं खाऊन जाऊ देऊ नका. बरोबर तिळाची चटणी, गूळ, दही. वर पाणी ढोसायचं नाही, ताक प्यायचं.

दुसऱ्या दिवसाचं फार काही योजू नकोस. माणसं जड झालेली असतात. तुळजापूरला न्यायचं तर मंगळवार-शुक्रवार टाळ, आणि दर्शनाच्या रांगेआधी नाश्ता करा. नळदुर्गचा किल्ला दाखव, पण नर-मादी धबधब्याचं आमिष दाखवू नकोस. तो पावसाळ्यात, बोरी नदीला पाणी असलं तरच. मला विचारशील तर तेरला ने. गोरोबाकाकांचं देऊळ तेरणेच्या काठी, आणि लामतुरे संग्रहालय. तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाच्या वृत्तांतात या गावाचं नाव आहे. इथलं कापड गाड्यांवर लादून पार भडोचच्या बंदराला जायचं. रोमन जगाशी चाललेल्या त्या व्यापाराच्या खुणा संग्रहालयात कपाटांत मांडल्यात. आपल्या गावाला बाहेरचं कुणी येत नव्हतं असं समजणाऱ्या पाहुण्याला तिथं अर्धा तास उभं कर.

परतीला कुंथलगिरीचा पेढा पाहिजेच. भूम-वाशीकडचा हा माळ कमी पावसाचा, शेतीवर भागेना म्हणून घरोघर दूध आलं आणि दुधामागं खव्याच्या भट्ट्या आल्या. सोलापूर-धुळे रस्त्यावर सरमकुंडी फाट्याला पेढ्याची दुकानं ओळीनं लागतात. बॉक्स बघून घेऊ नका. एक पेढा मोडून बघा: रंग तपकिरीकडं झुकलेला, आत बारीक रवा, बोटाला तुपाचा ओशटपणा. पांढराफेक आणि गुळगुळीत असेल तर पुढचं दुकान. प्लॅस्टिकच्या डब्यात कोंबून गाडीच्या डिकीत ठेवला तर पुण्याला पोचेपर्यंत त्याला घाम फुटतो, म्हणून कागदात, पायाशी.

एवढं झालं. आता पाहुणे किती, ते मला आठ दिवस आधी सांग, बाजरी निवडून दळायला टाकायची असते आणि त्या आठवड्यात गिरणीत रात्री दहापर्यंत रांग असते. ऐनवेळी "आजी, अजून दोघं येतायत" म्हणालास तर चालेल. "दोघं येत नाहीत" मात्र चालणार नाही. तेवढ्या उंड्यांचं मी अमावस्येच्या रात्री काय करू?